वळण घ्या, पण टोल भरून!

*नीट हुकली, मग बी.एस्सी., मग नोकरी, आणि आता वाटतंय की संशोधनात जावं, शिकवावं. असं वाकडंतिकडं करिअर घेऊन तिथे पोहोचता येतं का? येतं. फक्त फुकटात येत नाही.*

लग्नात बुफेच्या रांगेत एखादी मावशी हमखास गाठते. "काय रे, सध्या काय करतोस?"

बँकेत लागलेल्याचं किंवा आयटीवाल्याचं उत्तर एका शब्दात होतं. पंचाईत होते ती तुमची, कारण तुमचं उत्तर लांबलचक आहे. बारावीला नीट दिली, मार्क कमी पडले. ड्रॉप घेतला, पुन्हा तेच. मग बी.एस्सी.ला अॅडमिशन. शेवटच्या वर्षाला कुठे केमिस्ट्री आवडायला लागली, तर घरची गरज म्हणून तारापूरच्या एमआयडीसीत क्यूसी लॅबमध्ये शिफ्ट धरली. आता दोन वर्षं झालीत. रात्रपाळीत मशीनवर ग्राफ उमटत असतो, आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे असतात आणि मनात येतं, हे असं का होतं ते मला नीट शिकायचंय. जमलं तर शिकवायचंय.

एवढं सगळं मावशीला कोण सांगत बसणार? तुम्ही "चाललंय काहीतरी" म्हणता आणि जिलबीच्या दिशेने सरकता.

घरी आल्यावर दोन प्रकारचे सल्ले तयारच असतात. एक म्हणतो, "आता उशीर झाला, जे हातात आहे ते सोडू नकोस." दुसरा मोबाइलवरच्या रीलमधून ओरडतो, "स्वप्नांच्या मागे धावा, बाकी सगळं आपोआप होईल!" पहिला ऐकून तुम्ही खचता आणि दुसरा ऐकून हवेत जाता. दोघंही एक गोष्ट सांगत नाहीत. सरळ रस्ता सोडून विज्ञानात आणि शिकवण्यात शिरलेली माणसं भरपूर आहेत, पण त्यातल्या प्रत्येकाने वळणावर काही ना काही मोजलं आहे. कोणी पैसे, कोणी वर्षं, कोणी मान. म्हणून 'मला जमेल का?' याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. 'मी काय आणि किती मोजू शकतो?'

हा हिशेब कसा असतो, ते चार माणसांकडे बघून समजून घेऊ. चौघंही नावाजलेली आहेत, पण त्यांच्या यशाच्या टोकाकडे आत्ता बघू नका. मधल्या वर्षांकडे बघा.

पीएच.डी. हातात, आणि पुन्हा विद्यार्थी

वेंकी रामकृष्णन हे नाव तुम्ही जनरल नॉलेजच्या पुस्तकात वाचलं असेल. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल, तिघांमध्ये विभागून. बास, पुस्तकात एवढंच असतं.

त्याच्या आधीचं ऐका. जन्म तमिळनाडूतल्या चिदंबरमचा, बालपण बडोद्यात. आयआयटीची प्रवेश परीक्षा दिली, मिळालं नाही. वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजसाठी प्रयत्न केला, तेही नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले. तिथून अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात पीएच.डी.ला. १९७६ मध्ये पीएच.डी. मिळाली, पण तोवर एक गोष्ट त्यांना कळून चुकली होती. आपण करतोय त्या फिजिक्समध्ये आपलं मन नाही. मासिकांत वाचायला मिळणारे जीवशास्त्रातले शोध त्यांना जास्त खुणावत होते.

आता विचार करा. पीएच.डी. झालेली, लग्न झालेलं, घरात लहान मूल. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? मिळेल ती फिजिक्सची नोकरी धरेल. हे गृहस्थ सॅन दिएगोला गेले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून पुन्हा वर्गात बसले. बी.एस्सी.च्या पोरांबरोबर पहिल्या पायरीपासून बायॉलॉजी शिकले. दोन वर्षं.

पुढे येल विद्यापीठात पोस्टडॉक केलं. तिथे रायबोसोम भेटला. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. त्यात कोणता भाग नेमका कुठे बसलाय, हे शोधायला न्यूट्रॉनचा मारा करून मोजमाप घेण्याचं तंत्र वापरलं जात होतं. आता गंमत बघा. ज्या फिजिक्सचा कंटाळा आला म्हणून वळण घेतलं, तेच इथे कामाला आलं.

म्हणजे आता सगळं सुरळीत? अजिबात नाही. शिकवण्या-संशोधनाच्या नोकरीसाठी त्यांनी सुमारे ५० विद्यापीठांकडे अर्ज केले. एकाही ठिकाणी काम झालं नाही. मग ओक रिज इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तिथे मनासारखं स्वतंत्र काम करता येईना म्हणून १९८३ मध्ये ब्रूकहेवन प्रयोगशाळेत. प्राध्यापक म्हणून विद्यापीठात पाऊल पडलं ते १९९५ मध्ये, युटाला. तेव्हा वय चाळिशी ओलांडलेलं. त्याआधी चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी आणखी एकदा विद्यार्थीपण पत्करलं. केंब्रिजला जाऊन क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकांवर क्ष-किरण टाकून रेणूची रचना शोधायचं तंत्र शिकून घेतलं. नोबेल मिळालं ते त्याच तंत्राने केलेल्या कामावर.

या वळणावरचा टोल कोणता? वर्षं आणि मान. आपल्याकडे 'डॉक्टर' झालेल्या माणसाने पुन्हा एफ.वाय.च्या बाकावर बसायचं म्हटलं, तर गल्लीतली माणसं काय म्हणतील ते तुम्हाला माहितीय.

सकाळी लॅब, दिवसा ऑफिस

सगळ्यांनाच सगळं सोडून बाकावर जाऊन बसणं परवडत नाही. घरचा हप्ता असतो, धाकट्या बहिणीची फी असते. नोकरी हातात ठेवूनच काही करायचं असेल तर सी. व्ही. रामन यांच्याकडे बघा.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०७ मध्ये एम.ए. झाल्यावर रामन संशोधनात गेले नाहीत. त्या काळी भारतात संशोधनात पोट भरण्याची सोय नव्हतीच जवळजवळ. स्पर्धा परीक्षा देऊन ते सरकारच्या अर्थखात्यात लागले. पोस्टिंग कलकत्त्याला, हुद्दा असिस्टंट अकाउंटंट जनरल. वय अठरा! आजच्या भाषेत, पोरगा क्लास वन झाला. विषय संपला.

पण कलकत्त्यात बहूबाजार भागात 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था होती. रामन तिथे जायला लागले. ऑफिसच्या आधी सकाळी लॅब आणि ऑफिस सुटल्यावर पुन्हा लॅब. मध्ये रंगूनला बदली झाली, आपल्या नागपूरलाही झाली. परत कलकत्त्याला आल्यावर पुन्हा तोच दिनक्रम. आणि हे महिना-दोन महिने नाही, सुमारे दहा वर्षं. त्या काळात शोधनिबंध लिहिणं चालूच होतं.

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्राध्यापकाचा पगार सरकारी पगारापेक्षा बराच कमी होता. त्यांनी ती नोकरी घेतली. पुढचं तुम्ही शाळेत पाठ केलंय. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम, १९३० मध्ये नोबेल.

इथे टोल पैशाचा होता. पण नीट बघा, रामन यांनी तो आंधळेपणाने भरला नाही. नोकरी सोडण्याआधी दहा वर्षं त्यांनी स्वतःला तपासलं. दिवसभर फायली उपसून आल्यावरही लॅबमध्ये जावंसं वाटतंय का? सलग दहा वर्षं वाटत राहिलं, मग नोकरी सोडली. तुम्हाला शनिवार-रविवारचे चार तासही त्या विषयाला द्यावेसे वाटत नसतील, तर राजीनामा लिहायची घाई कशाला?

वळण लादलं जातं तेव्हा

आत्तापर्यंतच्या दोघांनी वळण स्वतः घेतलं. सगळ्यांना अशी निवड मिळत नाही, आणि हे सांगताना पुन्हा रामन यांचंच नाव घ्यावं लागतं.

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तेव्हा संचालक होते रामन. मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. मार्क, गुण, हुशारी, कशाचाच प्रश्न नव्हता. कमलाबाई बंगळुरूला जाऊन थडकल्या आणि हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, कामाने समाधान झालं तरच पुढे. त्या वर्षात त्यांनी काम करून दाखवलं आणि त्यानंतर संस्थेने मुलींना घ्यायला सुरुवात केली.

पुढे केंब्रिजमधून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. भारतात परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात शिकवलं, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम. १९४७ मध्ये लग्न होऊन कमला सोहोनी झाल्या, मुंबईला आल्या आणि इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवायला लागल्या. नीरा, डाळी असल्या सामान्य माणसाच्या अन्नावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केलं. त्याच संस्थेच्या संचालक झाल्या, पण ते पद मिळायला व्हायला नको इतका उशीर झाला.

हा टोल त्यांनी ठरवलेला नव्हता. तो त्यांच्याकडून वसूल केला गेला. आजही लग्नानंतर शहर बदललं म्हणून एम.एस्सी. अर्धवट सोडलेली मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. बाळ झालं म्हणून पीएच.डी.चं वर्ष गेलेली ताई आठवत असेल. त्यांच्या बायोडेटातल्या गॅपला 'करिअरबद्दल गंभीर नाही' असं म्हणण्याआधी जरा थांबा. आणि ती गॅप तुमच्याच बायोडेटात असेल तर ती लपवू नका. कारण एका ओळीत लिहा आणि पुढे आता काय करताय ते चार ओळींत लिहा.

ट्रकच्या कारखान्यातून काडेपेटीकडे

चौथं नाव आपल्या पुण्याचं म्हणता येईल असं, अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून १९७५ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाले आणि पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये लागले. सरळ रस्ता म्हणतात तो हाच.

१९७८ मध्ये एक वर्षाची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून खेड्यातल्या शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम चालू होता. प्रयोगशाळा नाही, उपकरणं नाहीत. मग आठवडी बाजारात जे मिळेल त्यातून उपकरणं. सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक रबरी नळी घ्यायची, तिचे तुकडे सांधे म्हणून वापरायचे आणि काडेपेटीतल्या काड्या त्यात खोचायच्या. त्रिकोण, चौकोन, घन, सगळी भूमिती मुलांच्या हातात. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलंडतो, हे फळ्यावर न लिहिता कळतं. पुलाच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात, हेही त्यातूनच कळतं.

पुढे गुप्ता यांनी इंजिनीअरची नोकरी सोडलीच. पुस्तकं लिहिली, शेकडो खेळणी तयार केली. २००३ पासून दहा वर्षांहून जास्त काळ पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते मुलांना प्रयोग करायला लावत होते. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राध्यापक ही पदवी नाही, पीएच.डी. नाही, तरी शिकवणं मात्र आयुष्यभर.

इथला टोल म्हणजे पक्की नोकरी आणि आयआयटीवाला म्हणून मिळणारी ओळख. आणि सोबत काय नेलं? इंजिनीअरची नजर. हा तुकडा कुठे जोडला की टिकेल, हे बघणारी.

पावती घेतली का?

चौघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. आधीच्या रस्त्यावर जे शिकले, ते सोबत घेऊन वळले. वेंकींनी फिजिक्स नेलं, रामन यांनी दहा वर्षांची रोज लॅबला जायची सवय नेली. कमलाबाईंनी पहिल्याच वर्षी कामाने स्वतःला सिद्ध करायचं बळ नेलं. टोल भरला की पावती मिळते ना, तसं. पावती घेतलीच नाही, तर मात्र ती वर्षं खरोखर वाया जातात.

तुमची पावती शोधा. क्यूसी लॅबमध्ये दोन वर्षं काढलीत? मग यंत्र बिघडलं तर काय बघायचं, नोंद कशी ठेवायची, एकच मोजमाप तीनदा का घ्यायचं हे तुम्हाला एम.एस्सी.च्या वर्गातल्या कितीतरी जणांपेक्षा जास्त येतं. क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवलंत? मग पोरं नेमकी कुठे अडखळतात हे तुम्हाला माहितीय. दोन वेळा नापास झालात? मग न समजणं म्हणजे काय हे तुम्ही आतून बघितलंय. शिकवणाऱ्याला याचा उपयोग होतो, पण आपलं कसं चुकत होतं हे आठवत असेल तरच. नाहीतर नुसता न्यूनगंड उरतो.

आणि आजचा हिशेब?

ही सगळी जुनी उदाहरणं झाली, आज काय? तर आजचे टोलनाकेही माहीत असू द्या.

कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल तर सगळ्यात अवघड नाका हा की कायम जागा कमी निघतात. मधल्या काळात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवावं लागतं. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि ते वेळेवर येतील याचीही खात्री नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर हाती काहीच नाही. कित्येक हुशार माणसं यात वर्षानुवर्षं अडकली आहेत. त्यांची चूक नाही, पण तुम्ही शिरताना डोळे उघडे ठेवा. किती वर्षं हे करायचं, हे शिरण्याआधीच ठरवा आणि ती तारीख घरच्यांनाही सांगा. आपण वाट बघतोय की वाट लागतेय, हे मग वेळेत कळतं.

संशोधनाच्या बाजूला चित्र थोडं बरं आहे. नेट देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये, वर घरभाडं. श्रीमंत होणार नाही, पण घरी हात पसरायची वेळ येत नाही. मात्र पीएच.डी. म्हणजे चार-सहा वर्षं. तेवढ्या काळात मित्राची कार येते, फ्लॅट होतो. ते बघून दर दिवाळीला पोटात कालवाकालव होईल. होऊ द्या, तोही टोलच.

तर पुढच्या लग्नात मावशी भेटली आणि तिने तोच प्रश्न विचारला, तर पळू नका. "नोकरी करतोय, सोबत डिसेंबरच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय. जमलं तर पीएच.डी., नाही जमलं तर दोन वर्षांनी पुन्हा बघू," असं सांगा. मावशीला कळो न कळो, बोलताना तुमचं तुम्हाला कळेल, की हिशेब पक्का झालाय की अजून बाकी आहे.

वळण्याआधी हे बघून ठेवा

• वयाची अट नक्की कुठे? सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफसाठी वयोमर्यादा आहे, सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तिलाही वयोमर्यादा नाही. 'वय गेलं' असं कोणी म्हणालं, तर कोणत्या परीक्षेसाठी ते आधी विचारा.

• कोणती परीक्षा कशासाठी? एम.एस्सी.साठी जॅम, फिजिक्समधल्या संशोधनासाठी जेस्ट. टीआयएफआर प्रवेशासाठी स्वतःची परीक्षाही घेते. इंजिनीअर असाल तरी काही संस्थांमध्ये विज्ञानातल्या पीएच.डी.ची किंवा इंटिग्रेटेड पीएच.डी.ची दारं उघडी असतात. पात्रता दरवर्षीच्या माहितीपत्रकात वाचा, मित्राच्या तोंडून नको.

• आधी चाखून बघा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. ती विद्यार्थ्यांना मिळते तशी शिक्षकांनाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे उपक्रम बघा.

• खंड पडलाय? केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या 'वाइज-किरण'मध्ये महिला संशोधकांसाठी योजना आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी महिलांना दोन वर्षं जादा मिळतात, बाळंतपणाची रजाही मिळते.

• एक कागद, तीन रकाने. महिन्याला किती पैसे कमी चालतील, किती वर्षं देता येतील, कोणाचं काय ऐकून घ्यायची तयारी आहे. तिन्ही रकाने स्वतःच्या अक्षरात भरा आणि मग अर्ज भरा.